नाशिकमध्ये रोड सायकलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या राइडला नवीन माणूस आला की पहिल्या चहापर्यंत हे सगळे प्रश्न येऊन जातात. उत्तरं हौशी सायकलस्वारासाठी आहेत. म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे निघणारा आणि नऊच्या आत घरी परतू पाहणारा माणूस.

पहिली सायकल कोणती घ्यावी? सरळ हँडलची हायब्रिड की वाकड्या हँडलची रोड बाइक?

पन्नास किलोमीटरपुढे जायची इच्छा आत्ताच असेल तर सरळ रोड बाइक घ्या. हायब्रिड घेतलेले बरेच जण वर्षभरात ती विकायला काढतात. फक्त सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन यायचं असेल, किंवा पाठ-मान कुरकुरत असेल, तर हायब्रिड उत्तम आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

रोड बाइकमध्ये सुरुवातीला शिमानोचे क्लॅरिस किंवा सोरा गिअर पुरे. पैसे वाचतील ते टायरवर आणि दिव्यांवर घाला. घेताना दोन गोष्टी बघाच. एक, फ्रेममध्ये किमान २८ मिलिमीटरचा टायर बसतो का, ३२चा बसला तर आणखी छान. आपल्या रस्त्यांवर २३चा टायर म्हणजे मनगटांना शिक्षा. दुसरी, कॅसेटमधल्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्र्यांच्या संचातल्या, सगळ्यात मोठ्या चक्रीला दाते किती? पुढे ५०-३४ दात्यांच्या चक्र्या आणि मागे ११-३४ असेल तर जिल्ह्यातला कुठलाही घाट बसून चढता येतो. मागे २८वर संपणारी कॅसेट असेल तर दुकानातच बदलून मागा.

जुनी सायकल घ्यायलाही हरकत नाही. बिलावरचा फ्रेम नंबर जुळवून बघा. कार्बन फ्रेम असेल तर सांध्यांपाशी बोटं फिरवून तडा तपासा, आणि साइझ जुळत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

“एवढ्या पैशात स्कूटर आली असती,” असं घरचे म्हणतात. काय सांगू?

खरं आहे, आली असती. वाद घालू नका.

सायकलीशिवाय आणखी काय लागतं?

हेल्मेट, मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा. हे तीन नसतील तर राइडला येऊ नका, आम्हीही नेणार नाही. मागचा दिवा उजाडल्यावरही लुकलुकत ठेवा. हिवाळ्यातल्या धुक्यात ट्रकवाल्याला तुमची भडक जर्सी दिसत नाही, तो ठिपका दिसतो. हेल्मेट पडून एकदा जोरात आपटलं की बाहेरून ठीक दिसलं तरी बदलायचं, कारण आतला फोम एकदाच दबतो.

त्यानंतर पॅडेड शॉर्ट्स. आत अंडरवेअर घालायची नसते. हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगून टाकतो. शिवण आणि घाम एकत्र आले की मांड्यांची सालं निघतात. लांबच्या राइडला थोडं पेट्रोलियम जेली लावा.

क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट, गॉगल, सायकल कॉम्प्युटर हे सगळं सवडीने. फोनवर स्ट्राव्हा अॅप चालू केलं तरी किलोमीटर मोजले जातात.

गुडघा दुखतो. सायकलिंग सोडू का?

आधी सीटची उंची बघा. नवीन माणूस थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. सीट फार वर असेल तर मागच्या बाजूला ओढ बसते. घरच्या घरी मोजायचं तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, मांड्यांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. त्याला ०.८८३ने गुणा. ८० सेंटिमीटर असेल तर उत्तर ७०.६ येतं. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीला धरून, तेवढं अंतर ठेवा. मग पाच-पाच मिलिमीटर वर-खाली करून बघा.

दुसरं कारण जड गिअर. ताकदीने रेटू नका. हलका गिअर घेऊन मिनिटाला ८० ते ९० फेरे मारायची सवय लावा. दोन्ही करूनही दुखलं तर ऑर्थोपेडिककडे जा.

पंक्चर झालं तर? हायवेला दुकानं असतात ना?

असतात, पण तिथल्या काँप्रेसरचं नोझल जाड व्हॉल्व्हचं असतं. रोड बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, त्यावर ते बसत नाही. छोटं पितळी अडॅप्टर मिळतं, ते व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. तरीही पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. सीटखालच्या पाऊचमध्ये दोन ट्यूब, टायर उचकटायचे प्लॅस्टिकचे लिव्हर, पॅच, मल्टिटूल आणि फ्रेमला हातपंप.

ट्यूब बदलून दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली, असं नवख्यांचं हमखास होतं. ट्यूब बदलली, पण जे घुसलं होतं ते टायरमध्येच राहिलं. दिंडोरी-वणीकडच्या रस्त्यावर ते बाभळीच्या काट्याचं टोक असतं, बांधावरच्या कुंपणातून आलेलं. हायवेच्या कडेला मात्र फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली तार असते, केसाएवढी बारीक. डोळ्यांना दिसत नाही. टायर काढा, आतून कापसाचा बोळा किंवा हातरुमाल हलक्या हाताने फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे ती तार. बाहेरून चिमट्याने किंवा नखाने ओढून काढा, आणि मगच नवी ट्यूब घाला. टायर चढवताना शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा आणि तो अंगठ्यांनीच बसवावा. तिथे लिव्हर घातला की नव्या ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

हवा किती? सत्तर किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय पुरते. शंभर भरून दगडासारखा टायर करण्यात वेग नाही, फक्त हादरे आहेत.

नाशिकमध्ये कुठल्या रस्त्याने जावं?

याचं उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. लोक सायकल निवडायला तीन महिने घालवतात आणि रस्ता आदल्या रात्री व्हॉट्सअपवर ठरवतात. माझ्या मते हे उलटं असायला हवं. वारा, चढ आणि शेतातला हंगाम या तिन्ही गोष्टी बघून रस्ता निवडला की साध्या सायकलीवरही राइड मजेत होते.

त्र्यंबक रस्ता सगळ्यांचा पहिला. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, वाटेत अंजनेरी. जाताना चढ जाणवत नाही पण असतो, कारण त्र्यंबकेश्वर नाशिकपेक्षा शंभरावर मीटर उंच आहे. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना चढही समोर आणि वाराही समोर. ताशी अठराचा वेग पडला तर घाबरू नका. परत येताना तोच माणूस तिशी गाठतो आणि स्वतःवर खूश होतो. पावसाळ्यात नेहमी पश्चिमेकडे निघा आणि पूर्वेकडे परत या. पूर्वेला निफाडकडे निघालात तर जाताना उडत जाल आणि दमलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजत घरी याल.

श्रावणातले सोमवार, विशेषतः तिसरा, त्र्यंबक रस्त्यावर सायकलीचे नाहीत. ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली गर्दी असते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या चालत येतात, त्या आठवड्यातही दुसरीकडे वळा. गेलातच तर हळू, घंटी वाजवत आणि माउली म्हणत. शिवाय २०२७च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघाली आहेत. काल गुळगुळीत असलेल्या ठिकाणी आज खडी पसरलेली सापडते.

दिंडोरी-वणीची बाजू हिवाळ्यात सुंदर. पण जानेवारी ते मार्च द्राक्षं निघतात आणि क्रेट भरलेल्या पिकअप पहाटेपासूनच घाईत असतात. पिंपळगाव बसवंत, लासलगावकडे कांद्याच्या ट्रॉल्या. ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि ती न सांगता शेतात वळते. तिच्या मागे आडोसा घेऊन जायचा मोह आवरा.

गिरणारे, दुगाव, गंगापूर धरणाच्या मागची बाजू हा आठवड्याच्या मधल्या दिवसांचा रस्ता. तीस-पस्तीस किलोमीटर, वाहनं कमी, दोन-चार छोटे चढ. ऑफिसच्या आधी होतो. नांदूरमधमेश्वर जानेवारीत करा, पक्षी असतात. निफाड तालुक्यातली थंडी मात्र प्रसिद्ध आहे, पूर्ण बोटांचे हातमोजे घालून जा. पुणे रस्त्याने सिन्नरकडे मोहदरी घाट आहे, छोटा आणि सरावाला चांगला, पण ट्रक फार. पहाटेच उरका.

पहाटे म्हणजे नक्की किती वाजता?

उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सहा. गोल्फ क्लब मैदानापाशी भेटायचं ठरलं की साडेपाच म्हणजे साडेपाच. पाच मिनिटं सगळे थांबतात, नंतर सुटतात. परतताना मुंबई नाका, द्वारका, एबीबी सर्कल, पपया नर्सरीचा चौक ही ठिकाणं नऊच्या आत ओलांडलेली बरी. अंतर मोजताना जायचं मोजू नका, घरी पोचायची वेळ मोजा.

समृद्धी महामार्गावर सायकल नेता येते का? रस्ता मस्त आहे.

नाही. द्रुतगती महामार्गावर सायकल, दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. सिन्नर-इगतपुरीकडून चढायचा मोह होतो, पण चढू नका.

ग्रुप राइडमध्ये काय सांभाळायचं?

पुढच्याच्या चाकाला आपलं चाक लागलं तर पुढचा पडत नाही, मागचा पडतो. सगळे नियम इथून सुरू होतात.

म्हणून पुढच्या माणसाच्या थेट मागे असलात तरी डोळे चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढे बघा. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूने अर्धं पुढे घालू नका. अचानक ब्रेक नाही. पाणी प्यायचं, जॅकेट काढायचं तर रांगेच्या शेवटी जा. उभं राहून पेडल मारायला लागताना सायकल हातभर मागे येते, त्यामुळे पेडलवर जोर ठेवूनच उठा. हे कोणी शिकवत नाही आणि चढावर बरेच जण यामुळेच धडकतात.

पुढचा ओरडेल ते मागे पोचवायचं: “खड्डा”, “खडी”, “स्लो”, आणि मागून “गाडी”. सोबत हाताची खूण. खड्डा कुठल्या बाजूला तिकडे बोट. थांबायचं तर तळहात मागे दाखवून. “अरे अरे अरे” याला खूण म्हणत नाहीत.

पुढे राहून वारा झेलणाऱ्याच्या मागे जवळ चालवलं तर हवेचा विरोध एक तृतीयांशाच्या आसपास कमी होतो. नवख्याला याच आधाराने पहिल्यांदा ताशी अठ्ठावीसने पन्नास किलोमीटर करता येतात. पण आधार घेतला तर पाळीही घ्यायची. पुढे गेल्यावर जोश दाखवून वेग वाढवू नका, होता तेवढाच ठेवा. दोन मिनिटांत दमलात तर दोन मिनिटांनी बाजूला व्हा, कोणी हसणार नाही. पूर्ण वेळ शेपटीला बसून शेवटच्या किलोमीटरला सुसाट पुढे निघणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला चहाचं बिल द्यायला लावा.

दोन-दोनच्या रांगा फक्त मोकळ्या रस्त्यावर. मागे गाडी आली की एकेरी. आणि गप्पा मारणाऱ्यांनी शेवटी.

मी मागे पडलो तर सोडून जातील का?

राइड नो-ड्रॉप आहे का हे आधीच विचारा. असेल तर एक अनुभवी माणूस शेवटी राहतो आणि कोणालाही आपल्या मागे ठेवत नाही. वेगवान ग्रुपची राइड असेल तर सोडतील, आणि त्यात रागावण्यासारखं काही नाही. रस्ता पाठ असावा, फोन चार्ज असावा, खिशात दोनशे रुपये असावेत. घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ओळखपत्राबरोबर ठेवा. अपघातात १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसह सगळ्या मदतीसाठी.

बायकांनी एकटीने जावं का?

ज्या ताई आमच्यात नियमित येतात त्यांचं म्हणणं असं की शहराबाहेर एकटीने पहाटे अंधारात निघण्यापेक्षा उजाडता उजाडता दोघी-तिघींनी निघावं, आणि फोनवरचं लाइव्ह लोकेशन घरी चालू ठेवावं. खरी अडचण स्वच्छतागृहाची आहे. मोठे पेट्रोल पंप कुठे आहेत ते बघून थांबे ठरवा, त्यासाठी पाणी कमी पिऊ नका. सीटबद्दल: बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर साधारण जास्त असतं, त्यामुळे सायकलीसोबत आलेली अरुंद सीट बोचत असेल तर सहन करत बसू नका, बदला.

कुत्री अंगावर येतात.

येतात. वेगाने पळालात तर जोरात येतात. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, दमदार आवाजात हाकला. बहुतेक तिथेच विषय संपतो. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावू नका.

वणीचा गड सायकलने चढता येतो का?

येतो, आणि नाशिकच्या सायकलवाल्याला एकदा तरी तो चढायचाच असतो. शहरातून दिंडोरी, वणी करत नांदुरीपर्यंत पन्नासवर किलोमीटर होतात आणि खरी परीक्षा तिथून पुढे. नांदुरी ते सप्तशृंगी गड सुमारे दहा किलोमीटरचा घाट.

पहिल्या दोन किलोमीटरमध्ये दम संपवू नका. पुढची चक्री ३४ दात्यांची, मागचीही ३४ची असेल तर पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा होतो, म्हणजे सायकल सव्वादोन मीटरही जात नाही. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी साडेसात किलोमीटर. यालाच घाट चढणं म्हणतात. सव्वा तास लागला तर तुम्ही व्यवस्थित चढलात. वळणांवर आतल्या बाजूने चढ एकदम उभा असतो, मागे-पुढे कोणी नसेल तर थोडं बाहेरून घ्या. हँडल आवळून धरू नका, खांदे सोडा, श्वास पोटातून.

उतरताना जास्त काळजी. ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापते. सरळ भागात दाबा-सोडा करत वेग कमी करा, वळणात शिरण्याआधीच. एसटी वळणावर तुमच्या बाजूला येणार हे गृहीत धरा. माकडं रस्त्यावर बसलेली असतात आणि कोणाच्या पाऊचमध्ये केळं आहे हे त्यांना कळतं. पावसात दगड-माती येते, तेव्हा हा घाट नको. नवरात्र आणि चैत्रातल्या यात्रेत तर नकोच. खानदेशातून पायी येणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो आणि नवरात्रात खासगी वाहनं नांदुरीलाच अडवतात.

राइडमध्ये काय खायचं?

तासाभराच्या राइडला काही नको, पाणी पुरे. त्यापुढे दर तासाला थोडं खात राहा, भूक लागायच्या आधी. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. महागडी जेल हवी तर घ्या, पण लाडूनेही तेच काम होतं आणि तो किराणा दुकानात मिळतो. उन्हाळ्यात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत ओआरएस. एकादशीचा उपवास असेल तर त्या दिवशी शंभर किलोमीटर ठरवू नका. ठरवलेत तर साबुदाणा खिचडीचा डबा घेऊन या आणि वाटा.

पावसाळ्यात सायकल बंद ठेवू का?

मग चार महिने काय करणार? इगतपुरी-घोटीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो आणि पहिणे गावाचा रस्ता तेव्हाच बघायचा असतो. फक्त धबधब्याच्या गर्दीचे शनिवार-रविवार टाळा. कसारा घाट धुक्यात पूर्ण टाळा.

परत आल्यावर अंघोळीच्या आधी सायकल. साध्या पाण्याने चिखल काढा, प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारू नका. चेन फडक्याने कोरडी करा, प्रत्येक कडीला थेंबभर तेल घाला, दहा मिनिटांनी बाहेरचं पुसून टाका. शिलाई मशीनचं तेल पहिल्याच पावसात धुऊन जातं. खोबरेल तर हिवाळ्यात गोठतं. ब्रेक पॅडमध्ये अडकलेली रेती टाचणीने काढा, नाहीतर ती रिम खाते.

बीआरएम म्हणजे काय? मला जमेल का?

ठरलेल्या वेळेत लांब अंतर, शर्यत नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वाटेतल्या ठरलेल्या थांब्यांवर कार्डावर नोंद करायची. एका हंगामात चारही केलेत की सुपर रँडोनर हा किताब. आडाखा असा की रविवारी शंभर किलोमीटर करून सोमवारी ऑफिसला नीट बसू शकत असाल तर २०० जमेल. साडेतेरा तासांत थांबे धरून ताशी पंधराची सरासरी लागते. लोक पायांमुळे कमी आणि चहाच्या टपरीवर रमल्यामुळे जास्त वेळ घालवतात.

या शहराला लांब पल्ल्याची ओढ आहेच. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५मध्ये अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली, तेव्हा त्यांचा सरावही नाशिकच्याच रस्त्यांवरचा.

पंढरपूरच्या सायकल वारीला नवख्याने जावं का?

जावं. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनच्या वारीत शेकडो जण असतात, वेग आरामाचा, मुक्काम आणि सामानाची गाडी सोबत. तीनशेवर किलोमीटर दोन-तीन दिवसांत विभागलेले. आधी सलग दोन दिवस ऐंशी-ऐंशी करून बघा. दुसऱ्या दिवशी सीटवर बसवतंय का, हाच खरा प्रश्न असतो.

कार्बन फ्रेम, पायाचा जोर मोजणारा पॉवर मीटर?

पोटाचा घेर कमी झाल्यावर बोलू.

राइडनंतर मिसळ चालते का?

चालते. मखमलाबाद असो की गंगापूर रोड, आठच्या आत पोचलात तर जागा मिळते, साडेआठनंतर सायकली लावायलाही जागा नसते. आधी पाणी प्या, मग दही, मग रस्सा. एक्स्ट्रा तर्री घेण्याआधी घरापर्यंतचे उरलेले किलोमीटर आणि वाटेतला चढ मोजा. आणि कुलूप आणा. दहा जणांच्या सायकली एकाच लांब केबलमध्ये ओवता येतात, पण ती केबल आणायची पाळी दर रविवारी नवीन माणसाची असते.